पहिले तेरा रुग्ण

१९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या शल्यचिकित्सकांच्या एका संघाने १,५१८ रुग्णांचा हिशेब मांडला. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा नुकतीच आली होती. मोठा छेद नाही, वेदना कमी, एक-दोन दिवसांत घरी. रुग्णांना ती हवी होती आणि डॉक्टरांना ती लवकरात लवकर आत्मसात करायची होती. संघाने आपल्या आकड्यांतली एक गोष्ट झाकून ठेवली नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रुग्णांमध्ये पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते. त्यानंतरच्या रुग्णांमध्ये ते ०.१ टक्क्यावर आले. पित्तनलिका चुकून कापली किंवा भाजली गेली, तर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, कावीळ, जंतुसंसर्ग आणि कधी कधी यकृताचे जन्माचे दुखणे मागे लागते. डॉक्टरांचा हात बसेपर्यंतची किंमत रांगेत पुढे असलेल्या माणसांनी मोजली, आणि आपला क्रमांक कितवा आहे हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेही नसेल. आपल्याकडे हे तंत्र त्याच सुमारास आले. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडिया यांनी भारतातली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज तालुक्याच्या गावांतल्या रुग्णालयांच्या पाट्यांवरही ‘दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया’ हे शब्द दिसतात.

वैद्यकातल्या एक्सआर तंत्रज्ञानाची, म्हणजे विस्तारित वास्तवाची, ओळख या आकड्यांपासून करून द्यायला हवी असे मला वाटते. एक्सआर या नावाखाली डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभ्या केलेल्या जगात नेणारे आभासी वास्तव येते, समोरच्या खऱ्या दृश्यावर चित्र किंवा खुणा उमटवणारे संवर्धित वास्तव येते आणि या दोन्हींची सरमिसळही येते. कल्पना जुनी आहे; आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा असा पडदा १९६८ मध्येच करून दाखवला होता. गेल्या दहा वर्षांत हेडसेट स्वस्त आणि हलके झाले, आणि शरीररचनेच्या वर्गापासून मणक्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत, जळालेल्या जखमांच्या ड्रेसिंगपासून मनोविकारांच्या उपचारांपर्यंत ते पोहोचले. या सगळ्या पसाऱ्यामागे एक नैतिक आश्वासन आहे: शिकणाऱ्याच्या चुका यंत्रावर होतील, रुग्णाच्या अंगावर नाहीत, आणि ज्याला वेदना किंवा भीती आहे त्याला जास्तीचे औषध न देता आराम मिळेल. हे आश्वासन मोठे आहे आणि ते खोटे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. माझे म्हणणे असे, की आश्वासन रुग्णाच्या नावाने दिले आहे, म्हणून ते पुरे झाले की नाही हेही रुग्णापाशीच जाऊन मोजले पाहिजे. हेडसेट घालणाऱ्याला काय वाटले, पडद्यावरचे यकृत किती हुबेहूब दिसले, खेळातले गुण किती वाढले, ही मोजमापे वाटेवरची आहेत. तिथेच मुक्काम केला तर पुढच्या पहिल्या तेरा रुग्णांना काहीच मिळालेले नसते.

या क्षेत्रातला सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा पुरावा २००२ सालचा आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. येल विद्यापीठात शल्यचिकित्सेच्या १६ निवासी डॉक्टरांची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला नेहमीचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याला त्याबरोबर आभासी वास्तवाच्या सिम्युलेटरवर सराव करायला लावले. मग सर्वांनी खऱ्या रुग्णांचे पित्ताशय यकृतापासून सोडवले, आणि कोण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी त्या शस्त्रक्रियांची चित्रफीत पाहून चुका मोजल्या. सिम्युलेटरवर शिकलेल्यांनी ते काम २९ टक्के लवकर उरकले. दुसऱ्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच ऊतिभाग भाजण्याची शक्यता पाचपट होती. अभ्यास लहान होता, पण त्याने पायरी चुकवली नाही: सराव यंत्रावर, मोजमाप माणसावर. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते यंत्र दिसायला अगदी ओबडधोबड होते. त्यात ना यकृत होते ना रक्त. साध्या भौमितिक आकृत्या पकडायच्या, हलवायच्या आणि ठरलेल्या जागी विद्युतप्रवाह द्यायचा. मात्र सराव किती तास झाला याला तिथे महत्त्व नव्हते. अनुभवी शल्यचिकित्सकांनी त्याच यंत्रावर गाठलेली पातळी शिकणाऱ्याने गाठेपर्यंत त्याला सोडले जात नव्हते. फायदा झाला तो या शिस्तीमुळे, असे मानायला चांगले कारण आहे. आज विक्रीच्या सादरीकरणांत चित्राच्या हुबेहूबपणावर जेवढा भर असतो तेवढा या शिस्तीवर क्वचितच दिसतो.

त्यानंतर बरेच अभ्यास झाले, पण बहुतेक त्या पायरीच्या अलीकडेच थांबले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आभासी प्रशिक्षण यावर कॉक्रेन संस्थेने २०१३ मध्ये काढलेल्या आढाव्यात निकषांना उतरलेल्या चाचण्या फक्त आठ होत्या आणि त्यांत मिळून शिकाऊ डॉक्टर होते १०९. निष्कर्ष अनुकूल होता: वेळ कमी लागतो, हात सुधारतो. पण त्याचा रुग्णांच्या प्रकृतीवर किंवा खर्चावर काय परिणाम होतो हे अज्ञात आहे, असेही त्या आढाव्याने स्पष्ट लिहिले. कोणी म्हणेल, की हात सुधारला म्हणजे रुग्णाचे भले झालेच. वेगळा पुरावा कशाला? याचे उत्तर टांझानियाच्या एका ग्रामीण रुग्णालयाने दिले आहे, आणि तेही हेडसेटशिवाय. जन्मल्याबरोबर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात मदत कशी करायची, याचे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ नावाचे प्रशिक्षण साध्या बाहुलीवर दिले जाते. हायडम इथल्या रुग्णालयात एका दिवसाच्या वर्गानंतर कर्मचाऱ्यांची बाहुलीवरची कामगिरी स्पष्टपणे सुधारली. प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात नवजात बाळांच्या हाताळणीत मात्र फरक दिसला नाही. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मग त्याच रुग्णालयाने पद्धत बदलली. वर्ग एकदाच न घेता, कामाच्याच जागी, थोडा थोडा आणि वारंवार सराव सुरू केला. पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. या दोन अभ्यासांमध्ये बाहुली तीच होती. त्यांतला पहिला अभ्यास कोणी केलाच नसता, तर बाहुलीवरच्या गुणांवर समाधान मानून सगळे घरी गेले असते आणि दुसऱ्या अभ्यासाची गरजच कोणाला कळली नसती. एक्सआरच्या प्रत्येक प्रयोगशाळेत या जोडीचा अभ्यास व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण कौशल्य यंत्रावरून खाटेपर्यंत आपोआप चालत जात नाही, आणि ते कुठे अडते हे शोधल्यावरच दुरुस्ती करता येते, हे त्यातून दिसते.

उपचारांच्या बाजूला हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकात सिएटलमध्ये सुरू केलेल्या कामातून जळालेल्या रुग्णांसाठी बर्फाचे एक आभासी जग तयार झाले. जखमेचे ड्रेसिंग बदलताना रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकत पुढे सरकतो. लक्ष तिकडे गुंतले की वेदनेला मिळणारे लक्ष कमी होते. अशा थोड्या वेळाच्या, तीव्र वेदनेत हा उपाय उपयोगी पडतो याचा पुरावा पुष्कळ जमला आहे. भाजलेल्या स्त्रियांनी आणि मुलांनी भरलेले कक्ष पाहणाऱ्या आपल्या सरकारी रुग्णालयांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जुनाट दुखण्याची गोष्ट निराळी. कंबरदुखीसाठी घरी आठ आठवडे वापरायच्या एका आभासी उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. तिच्यामागची चाचणी १७९ जणांवर झाली होती. उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांच्या वेदना ३० टक्क्यांहून जास्त घटल्या. हा एकटा आकडा कोणालाही भुरळ घालेल. पण चाचणी आखणाऱ्यांनी दुसऱ्या गटालाही हेडसेटच दिला होता. त्यात उपचाराचे घटक नव्हते, नुसती निसर्गाची सपाट दृश्ये होती. त्या गटातल्या ४१ टक्के लोकांनाही तेवढाच आराम पडला. नवीन यंत्र, कोणीतरी आपली दखल घेतली ही भावना, दिवसातली काही शांत मिनिटे, यांचा वाटा त्या ४१ मध्ये आहे. काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना झाली असती, तर हा सगळा वाटा उपचाराच्या खात्यावर जमा झाला असता. आभासी वास्तवाची खरीखुरी ‘खोटी गोळी’ बनवता येत नाही, रुग्णाला आपण काय पाहतो हे कळतेच, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. पण ही चाचणी दाखवते, की पुरेशी कल्पकता असली तर प्रामाणिक तुलना उभी करता येते. ती चाचणी उत्पादक कंपनीच्याच पैशाने झाली होती, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. म्हणून ती निकालात काढू नये, पण स्वतंत्र पुनरावृत्ती मागावी.

तुलनेइतकाच मोलाचा भाग निर्मितीचा आहे. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने आभासी उपचारांच्या चाचण्यांसाठी तीन टप्प्यांची पद्धत सुचवली. आधी रुग्णांबरोबर बसून आशय घडवायचा, मग तो सोसतो का, वापरता येतो का, काही गुण दिसतो का हे लहान प्रमाणावर पाहायचे, आणि शेवटी यादृच्छिक चाचणी. मला यातला पहिला टप्पा सर्वांत कमी पाळला जाणारा आणि सर्वांत निर्णायक वाटतो. ऑक्सफर्डच्या डॅनिएल फ्रीमन यांच्या गटाने मनोविकृतीने ग्रस्त, घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या लोकांसाठी ‘गेमचेंज’ नावाचा उपचार तयार केला, तेव्हा तो आजार भोगलेली माणसे आखणीत सामील होती. दाराबाहेर पाऊल टाकणे, बसमध्ये चढणे, कोपऱ्यावरचे दुकान, डॉक्टरांची प्रतीक्षाखोली, कॅफे, पब अशी दृश्ये त्यातून आली. ३४६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सहा आठवड्यांनंतर भीती कमी झाली, पण सरासरी फायदा लहान होता आणि सहा महिन्यांनी तो गटांमध्ये वेगळा दिसत नव्हता. ज्यांची भीती सर्वांत तीव्र होती त्यांना मात्र भरीव आणि टिकणारा फायदा झाला. मला हे निष्कर्ष निराशाजनक वाटत नाहीत. उपचार कोणासाठी आहे हे त्यांनी सांगितले, आणि साधने तुटपुंजी असलेल्या व्यवस्थेला यापेक्षा उपयोगी माहिती कोणती?

ही दृश्ये मात्र जशीच्या तशी इथे आणता येणार नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाची भीती एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, आठवडी बाजारात किंवा शेजाऱ्यांच्या ओट्यासमोरून जाताना उभी राहते. तिथे पब कामाचा नाही, आणि इंग्रजीत धीर देणारा आवाज तर त्याहून कमी. नुसती भाषा बदलून भागणार नाही. कोणत्या वळणावर त्याचे पाय अडखळतात हे त्याच्याचकडून विचारून घ्यावे लागेल. यंत्राच्या बांधणीतही अशीच गृहीतके दडलेली असतात. २०२० मधल्या एका अभ्यासात स्त्रियांना हेडसेटमुळे जास्त मळमळ होण्यामागे डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराशी यंत्र नीट न जुळणे हे मोठे कारण आढळले. कुणाच्या तोंडवळ्यावर माप घेतले गेले याचा परिणाम थेट रुग्णाच्या पोटात ढवळण्यापर्यंत पोहोचतो. कंबरदुखीच्या त्या चाचणीतही सुमारे २१ टक्के लोकांना हेडसेट अंगावर अस्वस्थ वाटला आणि सुमारे १० टक्क्यांना मळमळ किंवा चक्कर यांसारखा त्रास झाला. गंभीर दुष्परिणाम नव्हते, पण मोजले म्हणून हे कळले.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर तर चूक महागात पडते. मणक्यात स्क्रू बसवताना शल्यचिकित्सकाला रुग्णाच्या पाठीवरच आतली रचना दाखवणाऱ्या चष्म्याला अमेरिकेत डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मान पडद्याकडे वळवावी लागत नाही, नजर रुग्णावर राहते, हा त्याचा खरा लाभ आहे. पण २०१३ च्या एका प्रयोगात वेगळीच गोष्ट उघडी पडली. नाकातून दुर्बीण घालून करायच्या शस्त्रक्रियेत संवर्धित चित्राची मदत घेतलेल्या शल्यचिकित्सकांनी लक्ष्य जास्त अचूक गाठले, मात्र दृश्यातच असलेली अनपेक्षित वस्तू त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात आली. रेखलेल्या खुणांनी नजर बांधून ठेवली. नुसती अचूकता मोजली असती तर हा प्रयोग यशस्वी म्हणून नोंदला गेला असता. काय मोजायचे हे आधी ठरवताना, यंत्र जे सुधारते त्याबरोबर ते काय बिघडवू शकते हेही यादीत असायला हवे, आणि ती यादी विक्रेत्याने करू नये.

यावर व्यवहारी माणसाचा पहिला आक्षेप वेगाचा असतो. चाचणीला तीन-चार वर्षे लागतात. तोवर यंत्रच बाजारातून जाते. ज्या होलोलेन्स हेडसेटवर जगभरच्या वैद्यकीय संस्थांनी अभ्यासक्रम बांधले, त्याचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले. आक्षेप खरा आहे, पण त्यातून मूल्यमापन टाळायचा निष्कर्ष निघत नाही. येलच्या अभ्यासातले यंत्र कधीच इतिहासजमा झाले. तज्ज्ञांची पातळी गाठेपर्यंत सराव, हे त्याने सिद्ध केलेले तत्त्व आजही वापरात आहे. चाचणी तत्त्वाची आणि आशयाची करावी, आणि नव्या यंत्रावर तो आशय नेताना लहान पडताळणी पुरेशी ठरावी. एका कंपनीच्या निर्णयाने अभ्यासक्रम कोसळत असेल, तर खरेदीच्या करारातच आशय दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा हक्क लिहून घ्यायला हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो आपल्याकडचा आहे. वैद्यकीय जागा झपाट्याने वाढल्या, शिकवणारे अपुरे, मृतदेह अपुरे, एका खाटेभोवती वीस-पंचवीस विद्यार्थी. २०१९ पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक केल्या आहेत. अशा वेळी हेडसेट काहीच नसण्यापेक्षा बरा, परदेशी चाचण्यांचा निकष इथे लावणे म्हणजे चैन, असे म्हटले जाते. टंचाईचे दुःख मलाही तितकेच टोचते. पण टंचाई असते तिथेच चुकीच्या खरेदीचा घाव खोल जातो. तुलना ‘काहीच नाही’शी करायचे कारण नाही, ती तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या गोष्टींशी करायची आहे. अमेरिकेत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी २००४ मध्ये सुरू झालेला मूलभूत कौशल्यांचा कार्यक्रम एका पेटीवर चालतो: आत कॅमेरा, खुंट्या, जाळी, दोरा. मॅकगिल विद्यापीठातल्या बारकाईच्या पडताळणीतून तो आला आणि नंतर शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रासाठी आवश्यक ठरला. अशी पेटी इथल्या कोणत्याही महाविद्यालयात बनवता येते. ती पुरत असेल तर हेडसेटचा पैसा शिक्षकाच्या पगारात गेला पाहिजे; पुरत नसेल, म्हणजे दुर्मिळ गुंतागुंत, सामूहिक आणीबाणी किंवा त्रिमितीय रचना समजावणे अशा कामांत, तर हेडसेटला हक्काची जागा आहे. हा निवाडा कोणाच्या मताने करायचा नाही, चाचणीने करायचा आहे, आणि एका कौशल्य प्रयोगशाळेत एका सत्रात तो करता येण्याजोगा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. उपचार किंवा निदान करणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय उपकरण म्हणून नियमांखाली येते. प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर त्याबाहेर राहते, आणि म्हणून त्याची जबाबदारी विद्यापीठांवरच पडते. विदेचा प्रश्न जास्त नाजूक आहे. स्टॅनफर्डच्या २०२० मधल्या एका अभ्यासात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळच्या डोक्या-हातांच्या हालचालींवरून ५११ जणांतला नेमका माणूस ९५ टक्के वेळा ओळखता आला. नाव काढून टाकले म्हणजे रुग्ण निनावी झाला, हे या यंत्रांच्या बाबतीत धरून चालता येत नाही. मनोविकारासाठी हेडसेट घातलेल्या माणसाच्या हालचाली कोणत्या देशातल्या सर्व्हरवर साठतात हे संमतिपत्रात मराठीत लिहिलेले असले पाहिजे.

महाराष्ट्राला या क्षेत्रात नुसते गिऱ्हाईक होऊन राहण्याची गरज नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि प्रत्येक पदव्युत्तर निवासी डॉक्टर आपल्या शस्त्रक्रियांची नोंदवही ठेवतो. कौशल्य प्रयोगशाळेतल्या सरावाची नोंद त्या नोंदवहीशी जोडली, काही महाविद्यालयांत पेटी आणि काहींत सिम्युलेटर असे यादृच्छिकपणे ठरवले, चाचणी आधीच राष्ट्रीय नोंदणीत दाखल केली आणि निवासी डॉक्टरच्या पहिल्या काही शस्त्रक्रियांतल्या गुंतागुंती गटाचे नाव झाकून मोजल्या, तर कॉक्रेनच्या आढाव्याने अज्ञात म्हणून सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याएवढी संख्या इथे दोन-तीन वर्षांत जमू शकेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागते ती विद्यापीठाने काढलेली एक सामाईक नोंदपद्धती, प्रत्येक महाविद्यालयात ती भरून घेणारा एक पगारी माणूस, आणि सिम्युलेटरचा काही उपयोग झाला नाही असे निघाले तरी निष्कर्ष छापण्याची आधी दिलेली लेखी हमी.